प्लास्टिकच्या रेल्वे डब्यांचे सांधे: जोडणी, लांबी आणि घासकाम

एचओ म्हणजे १:८७ प्रमाणातल्या मॉडेल डब्यावर ०.२ मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या डब्याच्या हिशोबात ती सतरा मिलिमीटरच्या वर जाते. करंगळी आत जाईल एवढी. असा डबा सानपाड्याच्या कारशेडमधून बाहेर काढायला कोणी सही करणार नाही. आपल्या शेल्फवर मात्र तो बिनधास्त उभा असतो, आणि वर दोष रंगाला दिला जातो.

रंगाचा त्यात फारसा हात नसतो. लांबीचा, म्हणजे फट भरायच्या पुट्टीचाही नसतो. सांधा दिसणार की नाही, हे बहुतेक वेळा दोन भाग चिकटवतानाच ठरून गेलेलं असतं. लांबी ही राहिलेल्या उण्याची भरपाई आहे, त्यामुळे ती जितकी कमी लागेल तितकं काम चांगलं झालं असं समजायचं. म्हणून या लेखात लांबीचा डबा बराच उशिरा उघडणार आहे.

आधी खरा डबा बघा

किट उघडण्याआधी ठाणे स्टेशनवर अर्धा तास घालवा. वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर गाडी सुटायच्या आधी जरा वेळ उभी असते, तेव्हा नीट बघता येतं. दरवाज्यावरची पन्हळ कुठून कुठे जाते? डब्याच्या तोंडाचा पत्रा बाजूच्या पत्र्याला मिळतो तिथे रेघ दिसते की गोलाई? छप्पर आणि बाजू यांच्यामध्ये काय आहे? पादचारी पुलावर चढलात तर छप्परही वरून पाहायला मिळतं, आणि मॉडेलचं छप्परच आपण सगळ्यात जास्त बघतो.

हे बघणं यासाठी की किटमधले सगळे सांधे बुजवायचे नसतात. छपराच्या मधोमध उभी रेघ येत असेल, म्हणजे छप्पर दोन अर्धांत दिलेलं असेल, तर ती पूर्ण नाहीशी करायची. बाजू आणि तोंड यांचा कोपराही तसाच. पण छप्पर आणि बाजू यांचा सांधा पुष्कळ किटमध्ये मुद्दाम पन्हळीच्या खालच्या कडेला आणलेला असतो. तिथे खऱ्या डब्यालाही सावलीची रेघ असते, ती भरून टाकली की डबा साबणाच्या वडीसारखा दिसायला लागतो. तिथे भाग घट्ट बसवायचा आणि सोडून द्यायचं. दरवाज्याभोवतीची खाच राहू द्यायची. आणि बॉडी व तळाचा सांगाडा यांचा सांधा कधीही भरायचा नाही, चिकटवायचाही नाही. पुढेमागे वजन वाढवायला, दिवे लावायला किंवा आत प्रवासी बसवायला डबा उघडावा लागतोच.

पेन्सिलने बॉडीच्या आतल्या बाजूला खुणा करा: बुजवायच्या सांध्यावर फुली, ठेवायच्या सांध्यावर गोल.

सामान

यातलं फार थोडं हॉबीच्या दुकानातून आणावं लागतं. वॉटर पेपर, म्हणजे ओला घासायचा घासकागद, हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला, नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक सेक्टरच्या मार्केटमध्ये. दुकानात संवाद साधारण असा होतो:

"काका, वॉटर पेपर द्या. चारशे, सहाशे, हजार, आणि एक दोन हजारचा."

"गाडीचं काम काढलंय का?"

"नाही, रेल्वेच्या डब्याचं मॉडेल आहे. प्लास्टिकचं."

"मग चारशेच्या खाली जाऊ नकोस. ओरखडे नंतर निघत नाहीत."

काकांचं बरोबर आहे, नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत. १२० किंवा २२० नंबरचा पेपर पॉलिस्टायरिनमध्ये, म्हणजे किटच्या प्लास्टिकमध्ये, असे चर पाडतो की ते काढायला मूळ सांध्यापेक्षा जास्त मेहनत लागते. आणताना पेपर काळा, पाण्यात चालणारा आहे ना ते बघा. लाकडासाठीचा पिवळसर पॉलिश पेपर इथे उपयोगाचा नाही.

नखांचे बफर, ते फोमवाले चार बाजूंचे, राम मारुती रोडच्या बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात मिळतात. छपराच्या गोलाईवर त्यांच्याइतकं चांगलं साधन महागड्या सेटमध्येही नसतं. शिवाय आइस्क्रीमच्या काड्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, साधी मास्किंग टेप, नवं पातं लावलेला कटर, स्टीलची पट्टी, टूथपिक, जुना टूथब्रश आणि भांडी घासायचं लिक्विड. काचेचा एक सपाट तुकडाही हवा, साधारण फूटभर लांब, कडा घासून घेतलेला.

काडीला टेपने वॉटर पेपर चिकटवून चार-पाच पट्ट्या आधीच करून ठेवा आणि मागे नंबर लिहा. ओल्या पेपरच्या पाठीवरचा छापील नंबर लवकर जातो, मग चारशे कुठला आणि हजार कुठला हे बोटाने ओळखत बसावं लागतं.

चिकटवण्याआधी

भाग फ्रेमपासून पक्कडीने तोडताना दांडी थोडी लांब ठेवा, उरलेली नंतर कटरने काढा. थेट कडेला तोडलं की प्लास्टिकचा टवका निघतो आणि नको तिथे लांबी भरायची वेळ येते. मग सगळे भाग कोमट पाण्यात लिक्विड टाकून धुवा. साच्यातून सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा पातळ थर अंगावर राहिलेला असतो आणि त्यावर लांबी आणि रंगाआधीचा प्रायमर दोन्ही नीट धरत नाहीत.

आता कडा. काचेवर ४०० नंबरचा पेपर पसरा, त्यावर बाजूची किंवा तोंडाची कड उभी धरून दोन-तीन हलके हात फिरवा. साच्याची बारीक धार निघून जाते आणि कड सरळ होते. आठच्या आकारात फिरवलं तर एकाच टोकाला जास्त झिजत नाही. दोन भाग कोरडेच जुळवून मागे मोबाइलचा टॉर्च धरा. प्रकाश जिथे झिरपतो तिथे फट आहे, आणि ती अजून फुकटात दुरुस्त होते.

लांब डब्याची एक वेगळी गंमत असते. आयसीएफचा, म्हणजे जुन्या धाटणीचा डबा खऱ्यात २१.३ मीटर, म्हणजे एचओमध्ये साधारण २४५ मिलिमीटर, आणि नव्या धाटणीचा एलएचबी २७० च्या आसपास. एवढी लांब पातळ बाजू बहुधा मध्ये किंचित बाहेर फुगलेली असते. लांबी भरून ती सरळ होत नाही. आतून छपराच्या पातळीवर आडव्या दोन-तीन पट्ट्या टाका, रुंदी तोंडाच्या भागावरून मोजून घ्या, म्हणजे बाजू आपोआप जागेवर येते.

डबा कापून लांबी-रुंदी जुळवताना

आपल्याकडचे अनेकजण युरोपियन डब्यांची बॉडी कापून भारतीय डबा करतात. तिकडचा २६.४ मीटरचा डबा एचओमध्ये ३०३ मिलिमीटर भरतो, त्यातले ३३ मिलिमीटर काढले की एलएचबीची लांबी मिळते. रुंदीची तफावत राहतेच, तो स्वतंत्र विषय आहे. पण काप कुठे घ्यायचा हे सांध्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. सपाट पत्र्याच्या मधोमध कधीच नाही. दरवाज्याच्या चौकटीलगत किंवा खिडकीच्या उभ्या कडेला धरून काप घ्या, म्हणजे बुजवायचा भाग खिडकीच्या वर आणि खाली एवढाच उरतो. दोन्ही बाजूंना एकाच रेषेत काप हवा असा आग्रह नको. उलट छपराचा काप बाजूंच्या कापापासून दोन-तीन सेंटिमीटर सरकवलात तर डबा जास्त मजबूत होतो.

जोडताना बाहेरची बाजू काचेवर पालथी ठेवा, दोन्ही तुकडे स्टीलच्या पट्टीला टेकवा आणि आतून प्लास्टिक शीटची एक मिलिमीटरची पट्टी सांध्यावर आडवी चिकटवा. ही पट्टी नसेल तर डबा हातात दाबल्यावर सांधा हलतो, आणि हलणाऱ्या सांध्यावरची कुठलीही लांबी कधी ना कधी तडकते.

चिकटवणं: बुजवण्याचं खरं काम इथे होतं

पॉलिस्टायरिनसाठी पातळ प्लास्टिक सिमेंट वापरा. टामियाच्या एक्स्ट्रा थिनसारख्या सिमेंटमध्ये ॲसिटोन आणि ब्यूटाइल ॲसिटेट असतं. ते चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन कडा एकजीव करतं. भाग जुळवून धरा, ब्रशचं टोक आतल्या बाजूने सांध्याला टेकवा, द्रव आपसूक फटीत धावतो. आठ-दहा सेकंद थांबा आणि मग दोन्ही भाग एकमेकांवर सावकाश दाबा.

आता सांध्याकडे नीट बघा. दाबाबरोबर रेघेतून मऊ प्लास्टिकचा एक चमकता, केसाएवढा बारीक वळ वर येतो. तो सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आला की काम झालं. तो वळ हीच तुमची लांबी, डब्याच्याच प्लास्टिकची, डब्याच्याच रंगाची, आणि घासली जाताना डब्याइतकीच कडक. पुसू नका. बोट लावू नका. टेपने भाग बांधून ठेवा, पण टेप सांध्यावरून नेताना तिच्याखाली सिमेंट शिरणार नाही हे पाहा, नाहीतर टेपचा ठसा कायमचा उमटतो.

मग थांबा. किमान एक पूर्ण दिवस, छपराच्या लांब सांध्यासाठी दोन-तीन दिवस. वरून कडक वाटलं तरी आत द्रावक शिल्लक असतं. ते उडून जाईपर्यंत प्लास्टिक आकसत राहतं. घाईत घासून रंगवलेल्या डब्यावर महिन्याभराने सांध्याची बारीक घळ पुन्हा दिसते ती यामुळेच. सगळ्या बाजूंनी बंद केलेल्या बॉडीत तर वाफ कोंडून छपरालाच पोक येऊ शकतो, म्हणून तळ उघडा ठेवूनच वाळवा. खिडक्यांच्या काचा या वेळी लावायच्या नाहीत.

डबा पॉलिस्टायरिनचा आहे ना, याची खात्री मात्र आधी करा. स्वस्त खेळण्यांतले काही भाग पॉलिप्रॉपिलीनचे असतात, बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे, बऱ्याचदा ॲसिटाल नावाच्या प्लास्टिकच्या. त्यांच्यावर हे सिमेंट चालत नाही आणि लांबीही सालपटासारखी सुटून येते. आतल्या, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर पुढे जा.

लांबी कुठली

वळ खरवडल्यावरही खड्डा उरला, तरच लांबी. आणि खड्डा बघून लांबी ठरवायची.

केसाएवढ्या रेघेसाठी मिस्टर सरफेसर ५०० सारखं घट्ट द्रव प्रायमर ब्रशने रेघेत सोडायचं. अर्ध्या तासाने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलकी भिजवलेली कापसाची काडी सांध्याला आडवी फिरवली, की बाहेरचं निघून जातं आणि आतलं राहतं. घासायची जवळजवळ गरजच पडत नाही. पन्हळ, रिव्हेट, दांड्या यांच्या जवळच्या सांध्यासाठी मी दुसरं काही वापरत नाही.

त्याहून मोठ्या, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या फटीला ट्यूबमधली मॉडेलची पुट्टी, किंवा गाडीच्या रंगाच्या दुकानातली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी. एनसी स्वस्त असते, छान घासली जाते, पण तिच्यातलं थिनर पॉलिस्टायरिनवर चढतं. एकदम जाड थर दिला तर खालचं प्लास्टिक मऊ पडतं आणि वरून वाळलेली पुट्टी मध्ये खचते. सांध्याच्या दोन्ही अंगांना एक-दीड मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावा, जुन्या सिमकार्डच्या तुकड्याने पुट्टी फटीत दाबून भरा, एका फटक्यात ओढून घ्या आणि पुट्टी ओली असतानाच टेप काढा. दुसऱ्या दिवशी दुसरा पातळ थर. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा लवकर तयार होतात, हे ऐकायला उलटं वाटतं खरं.

मोठ्या भगदाडाला, म्हणजे कापून जोडलेल्या कोपऱ्यात तुकडाच कमी पडला असेल तर, आधी प्लास्टिक शीटचा कपचा बसवा आणि मग उरलेल्या जागेत दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. एम-सील चालतं. ते आकसत नाही आणि ओलं असताना पाण्याच्या बोटाने गुळगुळीत होतं. मात्र ते प्लास्टिकपेक्षा कडक असल्यामुळे घासताना आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं. म्हणून ओलं असतानाच जितकं सपाट करता येईल तितकं करून घ्या.

फेविक्विकही भरायला चालतं, विशेषतः टाल्कम पावडर मिसळून. खाण्याचा सोडा टाकला तर ते क्षणात दगड होतं, म्हणून बाहेरच्या बाजूला सोडा नको. फेविक्विकचा सांधा तासा-दीड तासात घासून टाका, रात्रभर ठेवलात तर तोही प्लास्टिकहून कडक होतो. हवेतल्या ओलाव्यानेच ते आवळतं, त्यामुळे जुलैत ते मेपेक्षा झटपट पकडतं. खिडकीची काच लावून झाली असेल तर ते जवळही आणू नका, वाफेने काच पांढरी होते.

भिंतीची पुट्टी, पीओपी किंवा सुताराची लांबी यांतलं काहीही नको. प्लास्टिकला ते धरत नाही.

घासकाम

सुरुवात पेपरने करू नका. कटरचं पातं सांध्यावर उभं धरून खरवडा, कापू नका. वळाचा वरचा भाग बारीक भुग्यात निघून येतो आणि पेपरचं निम्मं काम हलकं होतं. पातं कोपऱ्यात रुततंय असं वाटलं की थांबा.

मग आजूबाजूचं झाका. पन्हळीची पट्टी, दरवाज्याच्या दांड्या, छपरावरचे व्हेंटिलेटर, जे जे उंचावर आहे त्यावर मास्किंग टेपचे दोन थर. टेप झिजली की कळतं, पन्हळ झिजलेली मात्र रंग लागल्यावरच कळते.

४०० नंबर फक्त लांबीची उंची उतरवण्यापुरता. पाण्यात लिक्विडचा थेंब टाका, पेपर पाच मिनिटं भिजवा, आणि ओलंच घासा. भुगा हवेत उडत नाही, पेपर तुंबत नाही, घर्षणाने प्लास्टिक तापून चिकट होत नाही. वन बीएचकेत जेवणाच्या टेबलावर काम चालतं तिथे या पहिल्या मुद्द्यालाच सर्वांत जास्त किंमत आहे. कोरडं घासायचंच असेल तर मास्क लावा.

सपाट बाजूवर पेपर नेहमी काडीवर हवा. बोटाच्या टोकाने दाबून घासलं की बोटाच्या आकाराची बशी तयार होते. पांढऱ्या प्लास्टिकवर ती दिसत नाही, चमकदार रंगावर लगेच दिसते. काडी सांध्याला तिरकी धरा, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. सांध्याच्या रेषेतच मागेपुढे घासत राहिलात तर तिथे नाली पडते. आणि सांध्यापुरतंच घासून थांबू नका, दोन्हीकडे दहा-बारा मिलिमीटरपर्यंत हात हलका करत न्या.

छप्पर वेगळं. तिथे काडीने घासलं तर गोलाईवर सपाट पट्टा पडतो. पेपरची दोन बोटं रुंदीची पट्टी कापा, दोन्ही टोकं धरा आणि बूट पॉलिशवाला कापड ओढतो तशी छपरावरून आडवी ओढा. पेपर आपोआप वक्राला धरून चालतो. शेवटचा हात नखाच्या बफरने. तोंडाच्या कोपऱ्याला थोडी गोलाई असेल तर मागे फोमचा तुकडा घ्या, आणि चारही कोपरे शेजारी शेजारी ठेवून तपासा. एक कोपरा जास्त गोल झाला की डबा वाकडा भासतो आणि नेमकं काय चुकलंय ते पटकन लक्षात येत नाही.

४०० नंतर ६००, मग १०००. प्रत्येक नंबरला मागच्या नंबरचे ओरखडे पुसले गेले का, एवढंच बघायचं. दिशा बदलून घासलं तर ते लगेच समजतं. जुन्या लोकलच्या मातकट, मॅट रंगासाठी १००० पुरतो. जानेवारी २०२० मध्ये ठाणे-वाशी-पनवेल मार्गावर एसी लोकल आली, तशी चंदेरी गाडी करणार असाल तर २००० पर्यंत जावंच लागतं. चंदेरी रंग काहीही लपवत नाही.

तपासणी

आधी नख. डोळे मिटून नख सांध्यावर आडवं फिरवा, अडलं तर अजून पायरी आहे. मग टॉर्च डब्याच्या अंगाला जवळजवळ समांतर धरा, फुगवटे आणि खळगे सावलीत दिसतात. मग डबा धुवा, टूथब्रशने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला चिखल काढा, पूर्ण वाळवा, आणि राखाडी प्रायमरचा हलका फवारा द्या. पांढरी लांबी, करडं प्लास्टिक, पिवळसर फेविक्विक असे तीन रंग असताना डोळा फसतो. सगळं एका राखाडीत आलं की खरी स्थिती कळते.

प्रायमरनंतर रेघ दिसली तर निराश व्हायचं कारण नाही, पहिल्या फेरीत ती जवळपास नेहमीच दिसते. तेवढ्याच जागी सरफेसर, १००० नंबर, पुन्हा फवारा. खुणेसाठी पेन्सिल वापरा. परमनंट मार्करची शाई रंगातून वर येते.

घासताना एखादी खरी रेघ बुजली असेल, दरवाज्याची खाच किंवा पत्र्याची जोड, तर जाड लेबल टेप कडेला चिकटवून तिच्या आधाराने सुईने हलके चार-पाच हात मारा. पहिल्या हाताला जोर लावला की सुई घसरते. पन्हळ झिजली असेल तर उरलेली पूर्ण काढून ०.२५ किंवा ०.५ मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी नव्याने बसवणं सोपं. अर्धी पन्हळ दुरुस्त करायला जाऊ नका.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर आपल्याकडे लॅकर प्रायमर आणि स्प्रे कॅन यांचं वैर असतं. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि थर पांढुरका पडतो. घोडबंदर रोडला खाडीकडच्या खोलीत तर विचारायलाच नको. जोडणी, लांबी, ओलं घासकाम ही कामं पावसात उरकून घ्या आणि फवारा उघडीपीच्या दुपारी द्या. एसी असेल तर डबा आधी तासभर त्या खोलीत ठेवा, पण फवारणी खिडकी उघडी असलेल्या जागीच. धुतलेला डबा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवला तर वाळतो. हेअर ड्रायरची गरम हवा जवळून मारू नका, पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं आणि खिडक्यांमधल्या बारीक पट्ट्या त्याआधीच वाकू लागतात.

रंगानंतर सांधा पुन्हा वर आला तर

छपरावर आला असेल तर बहुधा सोडून देता येतो. पेंटोग्राफखालची काजळी आणि धूळ दाखवायला तिथे थोडी काळी-तपकिरी पावडर चोळायचीच असते, रेघ त्यात जाते. बाजूला आला असेल तर वरून रंगाचे थर चढवत बसू नका, प्रत्येक थराने खिडक्यांच्या कडा बोथट होतात. ॲक्रिलिक रंग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ब्रश बुडवून ती बाजू दरवाज्यापासून दरवाज्यापर्यंत मोकळी करा. प्लास्टिकला त्याने इजा होत नाही, पण खालचं सरफेसर मऊ पडतं, तेव्हा ते पूर्ण वाळेपर्यंत एक दिवस द्या. मग रेघेत सरफेसर भरा, १००० ने घासा, आणि रंग सांध्यापुरता न देता त्या दोन दरवाज्यांमधल्या पूर्ण पत्र्यावर द्या, म्हणजे जुन्या-नव्या रंगाची हद्द दरवाज्याच्या खाचेत जाते.